घरात दोन इंटरनेट, पण प्रिंटर एकालाच दिसतो. दोन्ही एकत्र कशी करायची?

पडवीतली झेरॉक्स

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचं घर. पुढच्या पडवीत माझं छोटं दुकान आहे: झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म, लाइटबिलं, निकाल लागले की कॉलेजप्रवेशाचे अर्ज. मागे स्लॅबची माडी, तिथे धाकटे दीर बसून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात.

कनेक्शनं दोन. केबलवाल्याचं फायबर १०० एमबीपीएसचं, त्याचा डबा पडवीत. दुसरं मोबाइल कंपनीचं ५जी, गच्चीवर अँटेना आणि माडीवर वायफायचा डबा. त्याला सकाळी ६० मिळतं, संध्याकाळी सगळे घरी आले की २०.

फायबर अधूनमधून तुटतंच. कधी फांदी पडते, कधी रस्त्याकडेला जेसीबी फिरतो. मग सगळ्यांनी आपापल्या मोबाइलचं वायफाय बदलायचं. आमच्याकडे सकाळी चहाआधी पहिला प्रश्न असतो, "आज खयचो वायफाय चालू असा?"

खरी अडचण प्रिंटरची. तो फायबरच्या वायफायवर आहे. दिरांना एक कागद छापायचा तर त्यांनी वायफाय बदलायचं, म्हणजे ऑफिसची मीटिंग तुटणार. आणि फायबर गेलं की मी दुकानाचा कॉम्प्युटर ५जीवर घेते, तेव्हा मला प्रिंटर दिसत नाही. गिऱ्हाईक समोर उभं, फॉर्म भरून झालाय, आणि पावती छापता येत नाही.

मागच्या आठवड्यात दिरांनी युक्ती केली. वरच्या डब्यातून खालच्या डब्यापर्यंत वायर ओढली आणि दोन्ही जोडून टाकले. तेव्हापासून काही मोबाइलना नेट आहे, काहींना नुसतीच वायफायची खूण. काल एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म शेवटच्या पानावर आला आणि साइटने बाहेर काढलं.

तर विचारायचं असं, की १०० आणि ६० मिळून १६० करता येतात का? दोन्ही नेट घरभर एकाच नावाने वापरता येतील का? एक गेलं तर दुसरं आपोआप यावं. कपाटात एक जुना वायफाय राउटर पडून आहे. खर्च सहा हजारांपर्यंत करू शकते.

नुसताच वाचक

सोपं आहे की. कॉम्प्युटरला एका नेटची वायर लावा आणि दुसऱ्याचं वायफाय चालू ठेवा. विंडोज दोन्ही वापरतं आणि स्पीड डबल होतो. मी तेच करतो.

सातारी तार

वाचकराव, स्पीड डबल होत नाही. विंडोजला वायर आणि वायफाय दोन्ही दिलंत तरी बाहेर जायला ते एकच रस्ता धरतं, ज्याचं मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) कमी असेल तो, आणि ती बहुतेक वेळा वायर असते. दुसरं नुसतं जोडलेलं राहतं. शिवाय ताईंचे टीव्ही, मोबाइल, प्रिंटर यांचं काय?

ताई, आधी उठा आणि दिरांनी ओढलेल्या वायरचं एक टोक काढा. मग पुढचं वाचा.

काढलंत? आता तिथे काय चाललं होतं ते सांगतो. प्रत्येक डबा घरातल्या उपकरणांना आकडी पत्ते वाटतो. दोन डबे थेट जोडले की वाटणारे दोन झाले. मोबाइल वायफायला लागला की "मला पत्ता द्या" म्हणून हाक मारतो, जो आधी ओ देईल त्याचा पत्ता तो घेतो. त्यातून पुष्कळ डब्यांचा स्वतःचा पत्ता कंपनीतूनच १९२.१६८.१.१ असतो. तुमच्या दोघांचाही तोच असावा. मग बाहेर जायचा दरवाजा कुठला, हे क्षणाक्षणाला बदलतं. त्या मुलीचा फॉर्म त्यातच गेला. साइटला अर्धा फॉर्म एका कंपनीच्या पत्त्यावरून आला, पुढचं पान दुसरीच्या. साइटला वाटलं, माणूस बदलला.

हेच १६० च्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या दोन्ही कंपन्या तुम्हाला बाहेरच्या जगासाठी वेगवेगळे पत्ते देतात. एखादी फाइल उतरवायला सुरुवात झाली की ते संभाषण तुमचा पत्ता, तुमचं पोर्ट (त्या संभाषणाचा क्रमांक), समोरचा पत्ता, समोरचं पोर्ट या चौकडीने ओळखलं जातं. मधेच पत्ता बदलला तर समोरचा सर्व्हर ओळख देत नाही. म्हणून एक फाइल एकाच नेटवरून येणार, १०० नाहीतर ६०. दोन वॅनचा राउटर, म्हणजे बाहेरून येणारी दोन नेट घेणारा, काय करतो, तर हे संभाषण इकडून, ते तिकडून असं वाटप करतो. स्टँडवरून दोन एसट्या सोडल्या म्हणून एकटा प्रवासी लवकर पोचत नाही, पण फलाटावरची गर्दी ओसरते. स्पीडटेस्टमध्ये मात्र १६० दिसू शकतात, कारण ती एका वेळी बरीच संभाषणं उघडते. दुकानदार तोच आकडा दाखवून राउटर विकतो.

तुम्हाला १६० ची गरजही नाही. फॉर्म भरायला ५ एमबीपीएस पुरतात. तुम्हाला हवंय ते हे, की दुकान कुठल्या नेटवरून जाईल, ऑफिस कुठल्या, टीव्ही कुठल्या, ते तुम्ही ठरवायचं, आणि एक मेलं की बाकीच्यांनी गुपचूप दुसरीकडे सरकायचं. आणि प्रिंटर सगळ्यांना दिसायचा. हे सहा हजारांत होतं.

घ्यायचं काय? दोन वॅनचा राउटर. टीपी-लिंकचा ईआर६०५ तुमच्या बजेटात बसावा. पाच भोकं, त्यातलं एक पक्कं वॅन, काही हवी तशी फिरवता येतात, बाकी लॅन, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठी. मायक्रोटिकचा एचईएक्सही उत्तम, पण त्याच्या पडद्यापुढे बसायला चिकाटी लागते, तुम्हाला दुकान चालवायचंय. या राउटरला स्वतःचं वायफाय नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर खोकं उघडल्यावर मला शिव्या द्याल. वायफाय कपाटातला जुना राउटर देईल.

जोडणी अशी. फायबरच्या डब्याच्या लॅनमधून वायर नव्या राउटरच्या पहिल्या वॅनमध्ये. ५जीच्या डब्यातून वायर दुसऱ्या वॅनमध्ये. नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, तो तसाच ठेवा. फायबरचा डबा १९२.१६८.१ वर राहू द्या आणि ५जीच्या डब्यात शिरून त्याची मालिका (पत्त्याचे पहिले तीन आकडे) १९२.१६८.२ करा. तिन्ही वेगळ्या असल्याच पाहिजेत, नाहीतर पुन्हा गेल्या आठवड्याचा खेळ. जुना वायफाय राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय देईल. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटणं) बंद करा, त्याला १९२.१६८.०.२ सारखा मोकळा पत्ता द्या आणि वायर त्याच्या लॅनच्या भोकात लावा, वॅनच्या नाही.

आणि कंपन्यांच्या दोन्ही डब्यांचं वायफाय बंद करा. हे लोक करत नाहीत. मग घरातलं कोणीतरी जुन्या सवयीने जुन्या नावाला चिकटतं, ते नव्या राउटरच्या बाहेर असतं, आणि त्याला प्रिंटर दिसत नाही म्हणून ओरड सुरू.

राउटरमध्ये पॉलिसी राउटिंग नावाचं पान आहे. तिथे दुकानाच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकून त्याला पहिलं वॅन द्या. खाली मोड विचारतो, प्रायॉरिटी की ओन्ली. प्रायॉरिटी घ्या. म्हणजे फायबर आहे तोवर तुमचे फॉर्म फायबरनेच जातील, एका पत्त्यावरून, आणि फायबर गेलं तर ५जीने. ओन्ली घेतलंत तर फायबरबरोबर दुकानही बंद. दिरांचा लॅपटॉप उलटा: ५जीला प्रायॉरिटी. संध्याकाळी ५जी मंदावतं म्हणता, तेव्हा त्यांचं ऑफिस सुटलेलं असेल.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. फायबर तुटलं की तुमच्या पडवीतल्या डब्यावर लाल दिवा लागतो, एलओएस लिहिलेला. पण त्या डब्यापासून राउटरपर्यंतची तांब्याची वायर ठणठणीत असते. राउटरला वाटतं, वॅन चालू आहे. तो बसतो वाट बघत आणि सगळे म्हणतात, आपोआप बदलत नाही, राउटर खराब. म्हणून ऑनलाइन डिटेक्शन मॅन्युअल करा आणि दोन्ही वॅनना तपासायला बाहेरचा पत्ता द्या. फायबरला ८.८.८.८ आणि ५जीला १.१.१.१ चालेल. तिथून उत्तर यायचं थांबलं की मगच राउटर ती लाइन मेली असं धरतो. डीएनएससुद्धा (साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) असेच सार्वजनिक ठेवा. केबलवाल्याचा स्वतःचा डीएनएस ठेवलात तर तो पुष्कळदा बाहेरच्या गिऱ्हाइकांना उत्तर देत नाही, मग ५जी चालू असूनही एक पान उघडणार नाही.

बदल होताना चालू संभाषणं तुटतात, ते कोणाला चुकत नाही. मीटिंग थोडी गोठून परत येते. फॉर्म भरताना झालं तर पुन्हा लॉगिन. म्हणून सेव्हचं बटण दिसेल तिथे दाबत जा.

माझं एवढं ज्ञान कुठून, तर मी साताऱ्यात सायबर कॅफे चालवायचो. विंडोज ९८ च्या सेकंड एडिशनमध्ये १९९९ साली इंटरनेट कनेक्शन शेअरिंग आलं. एका मशीनला मोडेम, ते मशीन १९२.१६८.०.१ व्हायचं आणि बाकी सगळी त्याच्या जिवावर. त्या मशीनवर बसलेल्या पोराने गेम अडकला म्हणून रीस्टार्ट मारला की अख्खा कॅफे एका सुरात ओरडायचा. त्यामुळे सांगतो, हे काम कॉम्प्युटरवर टाकू नका, वेगळा डबा घ्या.

कोथरूडचा पेंग्विन

तारकाकांचं बरोबर, पण "१६० होत नाहीत" हे पूर्ण खरं नाही. होतात. दोन्ही लाइनींतून एका भाड्याच्या सर्व्हरपर्यंत बोगदा काढायचा, तिथे तुकडे जोडायचे आणि तिथून पुढे एकाच पत्त्याने जायचं. मल्टिपाथ टीसीपी त्यासाठीच आहे, लिनक्स कर्नलमध्ये ५.६ पासून म्हणजे २०२० पासून आलंय. लाइन तुटली तरी चालू कॉल तुटत नाही. मी घरी हेच वापरतो.

आणि नवा राउटर कशाला? तो जुना राउटर ओपनडब्ल्यूआरटी (फुकट मिळणारं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतली प्रणाली) घेत असेल तर त्यावर एमवॅन३ टाका, फुकटात दोन वॅन. स्टिकी पर्याय चालू केला की एका मोबाइलची एका साइटची संभाषणं काही वेळ एकाच लाइनने जातात, लॉगआउटचा प्रश्न तिथेच मिटतो.

सातारी तार

पेंग्विनराव, एमवॅन३ ला माझा नमस्कार, चांगली चीज आहे. पण त्या जुन्या राउटरचं मॉडेल कोणाला माहीत आहे? फ्लॅश मेमरी पुरेल का? आणि तो चुकीच्या फर्मवेअरने मेला तर ताईंचं वायफायही गेलं.

बोगद्याबद्दल. मी "एक फाइल एकाच नेटवरून" म्हटलं ते मधे सर्व्हर नसताना. सर्व्हर घेतलात की होतं, मान्य. पण दर महिन्याला त्याचं भाडं, आणि घरातलं सगळं त्या सर्व्हरमधून जाणार. तो परदेशात घेतला तर कित्येक सरकारी साइट उघडतच नाहीत. देशात घेतला तरी फॉर्म डेटासेंटरच्या पत्त्यावरून गेलेला बँकांना आवडत नाही, कॅप्चा मागून मागून जीव घेतात. ताईंचा धंदाच सरकारी साइटचा. तुमच्या घराला तो उपाय झकास आहे, पडवीला नाही.

पडवीतली झेरॉक्स

काका, वायर काढली. निदान सगळ्यांचं नेट परत आलं. दीर जरा रुसलेत, पण त्यांनाही तुमचं उत्तर वाचायला दिलं.

दोन शंका. ५जीचा डबा माडीवर आणि नवा राउटर पडवीत म्हणजे वरून खाली वायर हवी. ती ओढलेली आहेच, दहा-पंधरा मीटर असेल. पण माडीवर वायफाय कुठून मिळणार? त्या डब्याचं तर तुम्ही बंद करायला सांगितलंत. दुसरं, पावसात आमच्याकडे लाइट जाते. मोबाइलवाल्यांचंही नेट त्या दिवशी बऱ्याचदा जातं. मग दोन असून फायदा काय?

सातारी तार

वर एक वायर अजून न्यावी लागेल. पहिली ५जी खाली आणते. दुसरी नव्या राउटरच्या लॅनमधून माडीवर परत जाते आणि तिथे ॲक्सेस पॉइंटला लागते. एकाच वायरमधून दोन्ही नेता येतं, त्याला व्हीलॅन म्हणतात, पण दोन्ही टोकांना स्मार्ट स्विच हवे. दुसरी वायर स्वस्त पडते. जुना राउटर माडीवर ठेवा, पडवीत छोटा ॲक्सेस पॉइंट नंतर घ्या. दुकानाचा कॉम्प्युटर तसाही वायरने जोडायचाय, प्रिंटरला मागे लॅनचं भोक असेल तर तोही. कॅट६ वायरची मर्यादा १०० मीटर, त्यामुळे लांबीची काळजी नाही.

वायर मात्र बघून घ्या. कॅट६ म्हणून सर्रास ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली विकतात. दुकानातच टोक सोला आणि आतली तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली की परत द्या. ती वाकवली की तुटते, आणि समुद्राच्या हवेत टोकं लवकर खराब होतात.

गच्चीवरच्या अँटेनाची वायर ही तांब्याची आहे आणि ती तुमच्या सगळ्या डब्यांपर्यंत वीज आणू शकते. फायबरचं तसं नाही, काचेच्या दोऱ्यातून वीज येत नाही, फक्त वर टांगायला लोखंडी तार बांधलेली असेल तर तिच्यापासून जपा. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात तुमच्याकडे गडगडाट होतो, तो सुरू व्हायच्या आधीच ५जीच्या डब्याचा प्लग काढा आणि नव्या राउटरच्या दुसऱ्या वॅनची वायरही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

लाइटसाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी प्रत्येक अडॅप्टरवरचा आकडा वाचा, काही ९ व्होल्टचे असतात, काही १२ चे. ९ च्या डब्याला १२ दिलेत तर तो लगेच नाही गेला तरी पुढे कधीतरी जाईल. घरात इन्व्हर्टर असेल तर सगळ्यात बरं, गच्चीच्या अँटेनाला वीज देणारा अडॅप्टरसुद्धा त्यावरच घ्या, तो नेहमी विसरला जातो.

आणि दोन असून फायदा काय, हे तुम्ही मुद्द्याचं विचारलंत. खांबावरची फांदी पडली तर फक्त फायबर जातं, तिथे ५जी वाचवतं. तुमच्याकडचा घोळ बहुतेक वेळा तोच दिसतोय. पण मोबाइलचा टॉवरही पुष्कळदा मागे कुठेतरी फायबरलाच बांधलेला असतो, आणि तो फायबर त्याच रस्त्याच्या कडेने गेला असेल तर एकाच जेसीबीने दोन्ही तुटतात. टॉवरची बॅटरी संपली की तेही गेलं. त्याला राउटर काही करू शकत नाही. पुढच्या वेळी दोन्ही एकदम गेली की कारण काय होतं ते केबलवाल्याच्या पोराला विचारून कॅलेंडरवर लिहा. दर वेळी रस्त्याचंच खोदकाम निघालं, तर दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या टॉवरचं सिम घेऊन ५जी बदलण्यात अर्थ आहे.

नुसताच वाचक

माझंही मेट्रिक बघितलं. काका बरोबर आहेत, वायफाय नुसतंच लटकलं होतं.

ताई, ५जीच्या प्लॅनला डेटाची मर्यादा असेल तर बघून ठेवा. आमच्याकडे फायबर गेलं होतं, पोरांनी टीव्ही तसाच चालू ठेवला आणि महिन्याचा डेटा आठवडाभर आधी संपला.

सातारी तार

हे चांगलं आठवलंत. टीव्हीलाच ओन्ली लावायचं. फायबरला ओन्ली. फायबर गेलं की टीव्ही बंद, म्हणजे घरात लगेच कळतंही. फक्त सासऱ्यांना आधी सांगून ठेवा.

पडवीतली झेरॉक्स

राउटर आला, लावला. दिरांनी वायर ओढली, पानं मी भरली. काल फायबरची पिन उपटून बघितली, थोडं थांबून पान पुन्हा उघडलं! दोन्ही मजल्यांवर वायफायचं नाव एकच.

पण प्रिंटर आज सकाळी परत "ऑफलाइन". वायफायला जोडलेला दिसतोय. त्याला लॅनचं भोक नाहीये. काल संध्याकाळी तर छापत होता.

सातारी तार

रात्री बंद करून सकाळी चालू केलात ना? त्याला नवा पत्ता मिळाला, आणि कॉम्प्युटर अजून कालच्या पत्त्यावर कागद पाठवतोय. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन आहे, प्रिंटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून त्याला १९२.१६८.०.५० बांधून द्या. दुकानाचा कॉम्प्युटर आणि दिरांचा लॅपटॉप यांनाही तसेच बांधा, नाहीतर पॉलिसी राउटिंगमध्ये लिहिलेले पत्ते उद्या दुसऱ्याच कोणाचे निघतील. त्यांच्या मोबाइल-लॅपटॉपात "रँडम मॅक" असेल तर घरच्या वायफायपुरतं बंद करा. मग कॉम्प्युटरमधून प्रिंटर काढून टाका आणि नव्या पत्त्याने पुन्हा घाला.

पडवीतली झेरॉक्स

छापला. दिरांकडूनही. त्यांनी वरून पहिला कागद पाठवला तो प्रिंटरच्या पत्त्याचाच, मी प्रिंटरवर चिकटवलाय.